वीस विटा कमी

सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत आलं की पहिले आठ दिवस एकच प्रश्न कानावर येतो, "सुट्टीत काय केलं बे?" कुणी पुण्याला इंटर्नशिप केलेली असते, कुणी नागपूरला जावाचा क्लास लावलेला असतो, कुणी चार लग्नांत पंगती वाढलेल्या असतात. माझं उत्तर गेल्या वर्षी तयार होतं. "गावी होतो. दोन विषय होते." विषय होते म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही!

उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी माझ्या रूम पार्टनरलाही नीट सांगितलेलं नाही. मराठी विभागासाठी लेख द्या अशी सूचना लागली तेव्हा नेहमीप्रमाणे 'मैत्री' या विषयावर लिहायला घेतलं होतं. दोन पानं झालीसुद्धा. मग ती फाडली आणि हे लिहायला बसलो.

माझं गाव रोहणा. वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. पुलगावहून आर्वीकडे जाताना लागतं. पूर्वी या बाजूने पुलगाव-आर्वी ही छोट्या रुळांची रेल्वे धावायची. आजोबा सांगायचे की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा गाडीत बसता यायचं. मी काही ती गाडी पाहिली नाही. गावात कापूस, तूर, सोयाबीन, आणि मे महिन्यात ऊन. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही.

गेल्या एप्रिलच्या शेवटी बाबांनी गुरांच्या कोठ्याची भिंत बांधायला काढली. विटा आणायला मला भट्टीवर पाठवलं. "हजार विटा आहेत का मोजून घे, नाही तं तिथूनच कमी येते," एवढी सूचना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत विटा भरून होत आल्या होत्या. मी उभ्या थरांचा आडव्या थरांशी गुणाकार केला, मोबाइलवर खात्री केली आणि "बरोबर आहे" म्हणून पैसे काढायला लागलो. तेवढ्यात विटा उचलून देणारी एक पोरगी म्हणाली, "भाऊ, बीस कम है."

वय विचारलं तर "दस". अंगावर विटकरी झालेला फ्रॉक, कमरेवर धाकटा भाऊ. मूठ उघडून दाखवली. मुठीत नऊ खडे. दर शंभराला एक खडा, आणि वरच्या ऐंशी तोंडपाठ. आम्ही पुन्हा मोजल्या. एका कोपऱ्यातला थर अर्धाच होता. तो मी पूर्ण धरला होता. नऊशे ऐंशी!

ज्या माणसाचा मॅथ्सचा पेपर राहिला होता त्याला हे ऐकवायला दुसरी जागा मिळाली नसती का, असं वाटून गेलं. पण लक्षात राहिलं ते दुसरंच. विटा भरणाऱ्यांत तिचा बापही होता. वीस विटा कमी गेल्या असत्या तर त्याचं काहीच बिघडत नव्हतं. तिला फक्त आकडा चुकलेला सहन झाला नाही.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही तिला पुढे 'मास्तरीण' म्हणायला लागलो, तेच लिहितो.

भट्टीवर त्या वर्षी नऊ-दहा कुटुंबं होती. सगळी मेळघाटातली, कोरकू. दिवाळीनंतर येतात, होळीला काही झालं तरी गावी परत जातात कारण त्यांच्याकडे होळीएवढा मोठा सण नाही, आणि होळी झाली की पुन्हा येऊन पाऊस लागेपर्यंत राहतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मग हजार विटांमागे ठरलेला दर, त्यातून उचल कापत जायची आणि आठवड्याला खर्चीपुरते पैसे हातात. नवरा-बायकोची जोडी रात्री दोन-अडीचला उठून गारा मळते, साच्यात विटा थापते. ऊन चढायच्या आत थापणं संपवायचं. पोरांचं काम म्हणजे अर्धवट वाळलेल्या विटा पलटवणं, उभ्या करणं, आणि त्याहून लहान भावंडांना सांभाळणं. हे मला सगळं तेव्हाच कळलं. भट्टी माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर, मी रोहण्यात जन्मलो, आणि हे मला विसाव्या वर्षी कळलं.

मास्तरीण कागदावर चौथीत होती. म्हणजे तिच्या गावच्या शाळेच्या पटावर नाव होतं आणि नाव दरवर्षी एक एक यत्ता पुढे सरकत होतं. ती मात्र जून ते दिवाळी एवढीच शाळेत बसलेली. वाचायला दिलं तर अक्षर अक्षर सुटं वाचायची. आणि इकडे मे महिन्यात आमच्या गावच्या शाळेलाही कुलूप. विदर्भात शाळा उघडायला जूनचा शेवट येतो, तोवर ही माणसं परत गेलेली असतात. थोडक्यात, त्यांना शाळेत घालायचं म्हटलं तरी उन्हाळ्यात शाळाच नसते.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तू कायले हाय घरी? दिवसभर पंख्याखाली लोळून राह्यला. शिकव नं त्याईले."

झालं! शाळा सुरू. पहिल्या दिवशी सकाळी दहाला मी खडू, बाजारातून आणलेल्या आठ पाट्या आणि एक जुनी अंकलिपी घेऊन भट्टीजवळच्या कडुनिंबाखाली हजर. कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईने झोपडीतून हात करून सांगितलं, सगळे झोपलेत. अहो, जी पोरं रात्री अडीचला आईबापाबरोबर उठतात ती दहाला शाळेत कशी बसणार? मी कॉलेजचं टाइमटेबल तिकडे नेलं होतं. मग वेळ बदलली. संध्याकाळी साडेपाच ते अंधार पडेपर्यंत. पहिल्या दिवशी सहा आली, आठवड्याने अकरा, आणि त्यांच्या कमरेवरची तीन-चार वेगळी.

शिकवणं किती अवघड आहे हे मी आपल्या सर्व प्राध्यापकांना मनापासून सांगू इच्छितो. (गुण वाढावेत हा हेतू नाही.) पाटीवर नळ काढून मी 'पाणी' लिहिलं. पोरं म्हणाली 'डा'. मी पुन्हा 'पाणी', पोरं पुन्हा 'डा'. मला वाटलं चेष्टा करताहेत. मास्तरीणने समजावलं की त्यांच्या बोलीत पाणी म्हणजे डा. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली भाषाच नाही, शेजारच्या गोंडीच्याही कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, तिकडे झारखंडच्या संथालीची लांबची बहीण. घरात कोरकू, मुकादमाशी हिंदी, आणि पुस्तकात मराठी! आपण इंग्रजी मीडियमला आलो म्हणून पहिल्या सेमिस्टरला केवढी रड केली होती ते आठवलं. त्या दिवसापासून प्रत्येक शब्द दोनदा लिहायचा ठरवलं, आधी त्यांचा, मग पुस्तकातला.

एक सहा वर्षांचा पोरगा होता. त्याला काही येत नाही असं सगळे म्हणायचे. मी पाटी दिली तर त्याने झरझर दोन अक्षरं काढली. उलटी. आरशात दिसतात तशी. मी पुसून सुलट काढून दाखवली, त्याने पुन्हा उलटी काढली. नीट पाहिलं तर ते 'जय' होतं. विटेवर जे नाव उमटतं ते साच्यात उलटं कोरलेलं असतं ना! पोरगा जन्मापासून साचा पाहत आला होता. तो अक्षर बरोबरच शिकला होता, फक्त साच्याकडून शिकला होता. मग त्याला भाजलेली वीट आणून दिली आणि म्हटलं, यावरून गिरव. चार दिवसांत 'जय' सुलट झाला.

वर्धेचा माणूस शिक्षणाबद्दल बोलायला लागला की नई तालीम येणारच, माफ करा. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि मुलांना हातातल्या उद्योगातून शिकवावं ही कल्पना तिथून देशभर गेली. शाळेच्या सहलीत सेवाग्रामला हे सगळं ऐकलं होतं आणि नेहमीप्रमाणे विसरलो होतो. भट्टीवर ते अचानक आठवलं. पाच-पाचचे थर म्हणजे पाढा, ट्रॉली म्हणजे घनफळ, फुटक्या विटा म्हणजे वजाबाकी. मला फार आनंद झाला. वाटलं, हीच ती नई तालीम! दोन दिवसांनी आनंद जरा ओसरला. तकलीवर सूत काततं ते पोर शिकण्यासाठी कातत असतं, कंटाळलं तर खाली ठेवू शकतं. या पोरांनी विटा पलटवल्या नाहीत तर बापाचा हजारी आकडा खाली येतो. हा फरक मी सोयीने विसरलो होतो.

गणिताचं पुढे भलतंच झालं. मास्तरीणला मी शंभर पानी वही दिली होती. ती त्यात रोजच्या रोज आईबापाने थापलेल्या विटा लिहायला लागली. तारीख, आकडा, खाली बेरीज. मी शाबासकी दिली. शनिवारी खर्चीच्या वेळी तिच्या बापाने वही पुढे केली. मुकादमाच्या डायरीत आणि वहीत त्या आठवड्याचा फरक चारशेचा. मुकादम म्हणाला, कच्च्या फुटल्या त्या धरत नाही. तेही खरं असेल, कच्च्या विटा फुटतातच. भांडण झालं नाही. त्याने फक्त विचारलं, "ये लिखता कौन है?"

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली कुणी आलं नाही. चार दिवस कुणी आलं नाही.

पाचव्या दिवशी मुकादम स्वतः घरी आला. चहा घेतला. बाबांना म्हणाला, "काकाजी, बाबू शिकवते चांगली गोष्ट हाय. पण हिशोबाचं राहू द्या म्हणा. लोकं बिघडते." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "ठीक आहे."

हे वाक्य मी गेलं वर्षभर तोंडात घोळवतो आहे. ठीक आहे! वाचणाऱ्याला वाटेल, मी काय लढाई करायला हवी होती? नाही. वर्ग बंद पडला असता, त्यापेक्षा गोष्टी आणि बडबडगीतं बरी, असा हिशोब मी केला आणि तो कदाचित बरोबरही असेल. फक्त मास्तरीणला हे सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही एवढं आठवतं. ती म्हणाली, "ठीक है भाऊ." वही तिने मिटली आणि मागच्या बाजूने उघडली. पुढून गोष्टी, मागून विटा. मी काही बोललो नाही.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. एका संध्याकाळी ते फिरत फिरत आले, धोतर सावरून पोरांमध्ये बसले, दोघांचं वाचन घेतलं. मास्तरीणने त्यांना आख्खा धडा वाचून दाखवला. अडखळत, पण सुटी अक्षरं नाहीत. मी खुशीत होतो. परत जाताना गुरुजी म्हणाले, "चांगलं केलं बाबू. पण जूनमध्ये हिच्या शाळेला हे कसं कळणार?"

मी म्हटलं, ती वाचून दाखवेल की.

"कोणाले? चाळीस पोरांचा वर्ग, ही सात महिने गैरहजर. मास्तर हिला मागं बसवते. तुझी हजेरी कुठं हाय? तू काय शिकवलं त्याचा कागद कुठं हाय?"

मग रस्त्यात उभं राहून त्यांनी मला कायदा शिकवला. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं म्हणजे जिथे जाईल तिथली शाळा ते पाहून बसवून घेईल. मी विचारलं, एवढं सगळं आहे तर मग? गुरुजी हसले. "कायद्याले सुट्टी नाही, शाळेले हाय. आणि कार्ड मागाचं असते हे या लोकाईले सांगते कोण?"

त्यांनीच सांगितलं की यावर महाराष्ट्रात पूर्वीपासून खटपटी झालेल्या आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी, तिच्यातच शाळा. साखर कारखान्यांवर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या. मग विचार उलटा फिरला. पोरांच्या मागे शाळा नेण्यापेक्षा पोरांना गावातच ठेवावं, आईबाप जातील आणि पोरं सहा महिने तिथेच राहून जेवून शिकतील, म्हणून हंगामी वसतिगृहं आली. आदिवासी भागात तर निवासी आश्रमशाळा आहेतच.

हे शेवटचं वाक्य मास्तरीणच्या बापाच्या कानावर कुठून गेलं कोण जाणे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा सुरू झाला होता, तो कधी नव्हे तो कडुनिंबाखाली आला. उभाच राहिला. म्हणाला, भाऊ, या पोरीला तिकडे ठेवता येईल का? आश्रमशाळेत? धाकट्याला आजी सांभाळेल. मास्टर घेतील का हिला? कागद काय लागतात?

ज्या माणसाला पोरगी सोबत असली तर विटा पलटवायला दोन हात जास्त मिळतात, तो हे विचारत होता.

मी म्हटलं, "चौकशी करून सांगतो."

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, धारणीला आदिवासी विकासचं प्रकल्प कार्यालय आहे, फोन कर, प्रवेश जूनमध्येच होतात, उशीर करू नको. मी नंबर शोधला. कागदावर लिहिला. शर्टच्या खिशात ठेवला.

आणि मग माझे दोन विषय आले. बॅकलॉगचे पेपर जूनच्या पहिल्या आठवड्यात. मी ३० मे ला कॉलेजला आलो. त्याच दिवसांत आपल्या हॉस्टेलचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. चार वेळा ऑफिसला चकरा मारून, डिपॉझिटची पावती, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो, सगळं जोडून मी माझी खोली पक्की केली. खिडकीजवळची कॉट मिळावी म्हणून रेक्टर सरांना वेगळा अर्ज दिला. तेव्हा त्या दुसऱ्या हॉस्टेलची आठवण एकदाही झाली नाही. एकदाही! शर्ट धुवायला टाकला होता.

पेपर झाले, १० जूनला घरी गेलो. आदल्या दोन दिवसांत पावसाने झोडपलं होतं. भट्टीवर विटांवर ताडपत्र्या, झोपड्यांचे नुसते कूड, पाण्याने भरलेले खड्डे. कडुनिंबाखाली एक पाटी पडलेली. ती माणसं दोन दिवसांपूर्वी ट्रकने गेली, आई म्हणाली. "ते पोरगी आली होती घरी. तुले विचारत होती. म्या म्हटलं पेपर हाय त्याचे." आईने तिला लाडू दिला होता.

तिच्या गावाचं नाव मला माहीत नव्हतं. महिनाभर शिकवलं आणि गाव विचारलं नाही. "धारणीच्या पुढे" एवढंच. बापाचा मोबाइल नंबर माझ्याकडे नव्हता, मुकादमाकडे होता, आणि मुकादमही गेला होता.

आपण इंजिनीअर लोक. चूक झाली की आपल्याला ॲप सुचतं. पाचव्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टचा विषय द्यायचा होता तेव्हा मी हाच दिला, स्थलांतरित मुलांची नोंद ठेवणारी प्रणाली. शोधाशोध केली तर कळलं की मला सुचलेलं अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वीच झालं आहे. तिकडे टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतली शेतमजूर कुटुंबं पिकं तोडायला उन्हाळ्यात उत्तरेकडे जातात. १९६६ मध्ये त्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारने वेगळी योजना आणली आणि ज्या राज्यांत ही कुटुंबं जातात तिथे उन्हाळी शाळा सुरू झाल्या. उन्हाळ्यातच का, तर पोरं तेव्हाच तिथे असतात. आपल्या भट्टीसारखंच. आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत मुलाची माहिती जावी म्हणून अर्कान्सास राज्यातल्या लिटल रॉक शहरात एक मध्यवर्ती संगणक बसवला होता! आपल्याकडे शाळेत कॅल्क्युलेटरही नव्हते तेव्हाची गोष्ट. तो १९९५ मध्ये बंद केला, पुढे दुसरी पद्धत आली. आपल्या राज्यातही २०१५ पासून 'सरल' आहे, प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक आहे.

मी हे सगळं स्लाइडवर मांडलं. आमच्या सरांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "आयडिया चांगली आहे. भट्टीवर डेटा कोण भरणार?"

सर, मी तेव्हा गप्प बसलो, तुम्हाला वाटलं तयारी नाही. खरं कारण हे होतं की मला एक असा माणूस माहीत होता ज्याला डेटा भरायला महिनाभर मिळाला होता.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर गावात कुणी आलं नव्हतं. डिसेंबरमध्ये एका शनिवार-रविवारी मुद्दाम गेलो. जुन्यांपैकी तीनच कुटुंबं परत आली होती. उलट्या 'जय'वाला पोरगा होता, एक दात पडलेला. त्याला मास्तरीणचं विचारलं. तिच्या बापाने या वेळी परतवाड्याकडच्या भट्टीची उचल घेतली होती.

"आणि ती?"

"वो भी उधरीच."

"शाळेत नाही?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारायचं थांबलो. थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "कापी है उसके पास. लिखती है."

त्या रात्री हॉस्टेलवर परत येऊन मी प्रकल्प कार्यालयाचा नंबर पुन्हा शोधला. सोमवारी दुपारी फोन लावला. एका बाईंनी उचलला, नीट सगळं सांगितलं. कोणते कागद, कोणत्या महिन्यात, कुणाला भेटायचं. फोन ठेवल्यावर मोबाइलवर बघितलं. बोलणं चार मिनिटांत झालं होतं.

या मे महिन्यात वर्ग पुन्हा लावतो आहे. मुकादम तोच आहे, त्याला आधीच भेटून आलो. गणित शिकवणार असं सांगितलं. तो "बघू" म्हणाला. पहिल्या दिवशी पाटी-पेन्सिल नाही, आधी प्रत्येकाचं गाव, शाळा, यत्ता, वडिलांचा नंबर. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक पोराच्या नावाने एक पत्र, याला काय काय वाचता येतं, कुठल्या धड्यापर्यंत आलंय, कुठलं गणित जमत नाही. एक प्रत त्याच्या वहीत चिकटवायची आणि एक पोस्टाने त्याच्या मुख्याध्यापकांना. गुरुजींनी मसुदा करून दिलाय. परतवाड्याच्या बाजूला कुणाचं घर असेल तर मला खोली क्रमांक १७ मध्ये येऊन भेटा, तिकडच्या भट्ट्यांवर एक चक्कर मारायची आहे आणि मला ते रस्ते माहीत नाहीत.

अकरा पोरांना मी एकटा पुरलो नाही, या वेळी चौदा आहेत. दोन जण तरी हवेत, आठ-आठ दिवस आलात तरी चालेल. राहायचं-जेवायचं आमच्याकडे, आई वाट बघते आहे. पुलगावला रेल्वेने उतरून आर्वीची एस.टी. पकडायची आणि रोहण्याला उतरायचं. टोपी, पाण्याची बाटली आणि रिकामी वही आणा. भट्टी कुणालाही विचारली तरी दाखवतील. फक्त सकाळी दहाला येऊ नका.